राक्षस येईपर्यंत काय बघायचं? जुन्या ब्रिटिश कृष्णधवल भयपटांविषयी

जुना ब्रिटिश भयपट किंवा विज्ञानपट लावला की पहिल्या वीस मिनिटांत अनेकांचा हात रिमोटकडे जातो. पडद्यावर टाय लावलेली माणसं फोनवर बोलत असतात, कुणीतरी चहा ओतत असतं, एक इन्स्पेक्टर हॅट हातात धरून दारात उभा असतो. राक्षसाचा पत्ता नसतो. आणि तासाभराने तो येतो तेव्हा सरळसरळ रबराचा निघतो. मग प्रश्न पडतो की याला लोक घाबरायचे तरी कसे?

घाबरायचे, पण रबराला नाही. या चित्रपटांतली भीती त्या चहात, त्या फोनमध्ये आणि त्या इन्स्पेक्टरच्या आवाजात भरलेली असते. नेहमीच्या जगात काहीतरी बिनसलंय आणि ते बिनसणं अतिशय सभ्यपणे, हळू आवाजात चाललंय, हा त्यांचा खरा विषय. हे एकदा ध्यानात आलं की ‘संथ’ वाटणारा भागच सर्वांत मजेचा होतो.

मी इथे साधारण 1945 ते 1965 या वीस वर्षांबद्दल बोलतोय. त्याआधीही ब्रिटनमध्ये असे चित्रपट निघत. एच. जी. वेल्सच्या पटकथेवरचा 1936 चा ‘थिंग्ज टू कम’ भव्य आहे, पण त्याचं घराणं वेगळं. नंतर रंग आला, लालभडक रक्त आलं आणि चवच बदलली. मधल्या काळात जे घडलं ते समजायला तेव्हाचा ब्रिटन थोडा माहीत हवा.

युद्ध जिंकलेला, पण खिसा रिकामा झालेला देश. लंडनमध्ये बॉम्बने पाडलेल्या इमारतींच्या मोकळ्या जागा कित्येक वर्षं तशाच होत्या. खाण्यापिण्याचं रेशनिंग पूर्णपणे उठायला जुलै 1954 उजाडला. ऑक्टोबर 1952 मध्ये ब्रिटनने ऑस्ट्रेलियाजवळच्या माँटे बेलो बेटांवर आपला पहिला अणुबॉम्ब फोडला. त्याच वर्षी डिसेंबरात लंडनवर कोळशाच्या धुराचं असं धुकं बसलं की पाच दिवसांत शहर ठप्प झालं आणि हजारो माणसं दगावली. तेव्हाचा आकडा चार हजारांच्या आसपास होता, पुढच्या अभ्यासांत तो बारा हजारांपर्यंत गेला. त्यामुळे या चित्रपटांत रस्त्यावर धुकं उतरतं तेव्हा ते आपल्याला सजावट वाटतं, पण तिकीट काढून बसलेल्या लंडनकराच्या घशात ते धुकं खरोखर गेलेलं होतं.

याच लोकांसमोर 1953 च्या उन्हाळ्यात बीबीसीने लेखक नायजेल नील याची ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ ही सहा भागांची मालिका आणली. क्वाटरमास नावाचा शास्त्रज्ञ अंतराळात तीन माणसं पाठवतो, यान परत येतं तेव्हा आत एकच माणूस असतो, आणि तोही हळूहळू माणूस राहत नाही. मालिका थेट प्रक्षेपित होत होती. पहिले दोनच भाग फिल्मवर उतरवून ठेवले गेले, बाकीचे चार हवेत विरले. शेवटचा प्रसंग वेस्टमिन्स्टर ॲबीत घडतो. आता गंमत बघा. जूनमध्ये याच ॲबीतला राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक लोकांनी टीव्हीवर पाहिला होता. अनेकांनी त्यासाठीच टीव्ही घेतला होता. काही आठवड्यांतच त्याच डब्यात, त्याच वास्तूत, एक वळवळणारी वनस्पती. आणि ती वनस्पती म्हणजे काय, तर पालापाचोळा चिकटवलेले हातमोजे, ॲबीच्या मोठ्या फोटोतून आरपार काढलेले. मोज्यांत हात स्वतः लेखकाचे होते.

हॅमर नावाच्या छोट्या कंपनीने यावर 1955 मध्ये चित्रपट काढला. तिथे सेन्सॉरची एक भानगड आहे. ब्रिटनमध्ये 1951 साली ‘एक्स’ प्रमाणपत्र सुरू झालं होतं, म्हणजे सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश बंद. मोठ्या कंपन्या या शिक्क्याला टाळायच्या, कारण सहकुटुंब येणारे प्रेक्षक तुटायचे. हॅमरने उलट डोकं चालवलं आणि शिक्काच जाहिरातीत घेतला. नावातल्या ‘एक्सपेरिमेंट’चं पहिलं इंग्रजी अक्षर उडवून शब्द थेट एक्सनेच सुरू केला. पोस्टरवरचा एक्स लांबूनच दिसावा एवढा साधा हिशोब, आणि तो फळला.

हा चित्रपट जरा जवळून बघू, कारण पुढे जे जे झालं त्याचं बीज त्यात आहे. दिग्दर्शक व्हॅल गेस्ट याने ठरवलं की गोष्ट अशक्य कोटीतली आहे, तर चित्रण बातमीपटासारखं करायचं. म्हणून काही ठिकाणी कॅमेरा हातात धरलेला आहे, माणसं एकमेकांचं बोलणं तोडतात, पोलीस रटाळ प्रश्न विचारतात. यान शेतात नाकावर रुतून उभं आहे आणि भोवती अग्निशमन दलाची गाडी, रुग्णवाहिका आणि बघ्यांची गर्दी. आत दोन अंतराळपोशाख आहेत, बंदच्या बंद, फक्त त्यांतली माणसं नाहीत. यावर कुणी किंचाळत नाही. मला हा भाग राक्षसापेक्षा कितीतरी भारी वाटतो.

परत आलेल्या कॅरूनचं काम रिचर्ड वर्ड्सवर्थ याने केलंय, कवी वर्ड्सवर्थच्या वंशातला नट. त्याला जवळजवळ संवादच नाहीत. सगळं काम चेहरा, खांदे आणि एका हाताचं. इस्पितळात तो निवडुंगाच्या कुंडीवर मूठ आपटतो आणि तो हात हळूहळू निवडुंगासारखा होऊ लागतो. पुढे पाण्याकाठी एक लहान मुलगी त्याला बाहुलीबरोबर खेळायला बोलावते. हात कोटात लपवलेला. स्पर्श झाला की समोरचा जीव संपतो हे आपल्याला माहीत असतं, आणि त्यालाही. तो बाहुलीचं डोकं उडवतो आणि स्वतःलाच खेचत पळून जातो. मुलगी वाचते. दोन-तीन मिनिटांचा प्रसंग, त्यात स्पेशल इफेक्ट्स शून्य. शेवटी ॲबीत जो प्राणी दिसतो, तो रबर आणि खाटकाकडच्या वजडीचा होता म्हणतात. तोवर तुम्ही कॅरूनसाठी हळहळलेले असता, त्यामुळे वजडी असो की आणखी काही, फारसं बिघडत नाही.

ब्रायन डॉनलेव्हीचा क्वाटरमास मात्र अनेकांना खटकतो. अमेरिकेत चित्रपट विकायचा म्हणून आणलेला अमेरिकी नट, सबंध वेळ भुंकल्यासारखा बोलणारा. नीललाही तो अजिबात पसंत नव्हता. मला तो चालतो. एक माणूस गिळला गेला तरी न थांबता दुसरं यान सोडायला निघणारा शास्त्रज्ञ असाच उर्मट असणार.

दुसरा भाग, ‘क्वाटरमास टू’, 1957 च्या उन्हाळ्यात आला. गावाशेजारी सरकारी कारखाना उभा आहे, आत काय बनतं ते कुणाला ठाऊक नाही, अधिकारी म्हणतात कृत्रिम अन्न, आणि गावातले कामगार पगार मिळतोय म्हणून गप्प. चित्रीकरण टेम्स नदीच्या मुखाजवळच्या खऱ्या तेलशुद्धीकरण कारखान्यात झालंय; ते पाइप आणि घुमट बघूनच अंगावर येतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली आणि तिची संपूर्ण हकिकत सरकारने बरीच वर्षं दाबून ठेवली. चित्रपट आधी आला, आग नंतर. भविष्य वगैरे काही नव्हतं ते. ‘वरचे आपल्याला सगळं सांगत नाहीत’ ही शंका हवेतच होती, तिला एक कथानक मिळालं इतकंच.

आता उजेडाबद्दल. रंगीत चित्रपटात लाल दिसलं की रक्त, निळं दिसलं की रात्र. कृष्णधवल फिल्मवर सगळंच राखाडी, त्यामुळे कॅमेरामनला फक्त प्रकाश आणि काळोख यांच्या जोरावर तुमची नजर वळवावी लागते. काळोखात काय आहे ते तुमचं डोकं भरून काढतं. धारप-मतकरींच्या गोष्टी वाचत मोठं झालेल्यांना ही युक्ती परिचयाची आहे. वर्णन अर्ध्यावर सोडलं की उरलेलं वाचकच भयंकर करून ठेवतो.

याचा सर्वोत्तम नमुना म्हणजे 1961 चा ‘द इनोसंट्स’. हेन्री जेम्सच्या 1898 च्या लघुकादंबरीवर जॅक क्लेटनने केलेला. मोठ्या हवेलीत दोन अनाथ मुलं, त्यांना सांभाळायला आलेली शिक्षिका, आणि तिला दिसणारी दोन मेलेली माणसं. दिसतात, की तिलाच तसं वाटतं? स्टुडिओने सिनेमास्कोप या अतिरुंद चौकटीचा आग्रह धरला. भुताच्या गोष्टीला कोपरे, बोळ, अडचण हवी. एवढी ऐसपैस चौकट काय कामाची? कॅमेरामन फ्रेडी फ्रान्सिसने काचेच्या फिल्टरांच्या कडा हाताने रंगवून काळ्या केल्या. पडद्याच्या मध्यावर उजेड, दोन्ही टोकांना अंधार. पात्र मेणबत्ती घेऊन चालतं आणि आपलं लक्ष सारखं त्या कडांकडे जातं. मेणबत्त्याही खास बनवून घेतलेल्या, अनेक वाती एकत्र वळलेल्या, कारण साध्या ज्योतीचा उजेड फिल्मला पुरत नसे.

आणि तरी यातलं सर्वांत अस्वस्थ करणारं भूत दिवसाढवळ्या दिसतं. तळ्याच्या पलीकडे, लव्हाळ्यांत, काळ्या पोशाखातली एक बाई उभी. दूर. काही करत नाही, जवळ येत नाही, संगीत दणकत नाही. आजचा दिग्दर्शक इथे आवाजाचा धक्का दिल्याशिवाय राहिला नसता. नंतर तीच बाई वर्गखोलीत बसून रडताना दिसते. शिक्षिका जवळ जाते तर खुर्ची रिकामी. ती पाटीवर बोट ठेवते आणि बोटाला ओल लागते, एका अश्रूची. भूत खरं की भास, यावर सबंध चित्रपट आपल्याला झुलवत ठेवतो आणि मध्येच एक ओला ठिपका पुरावा म्हणून ठेवून देतो. तोही फक्त तिनेच पाहिलेला.

‘दाखवू नका’ या शाळेचे दोन विद्यार्थी अमेरिकेतून ब्रिटनमध्ये येऊन गेले. दोघंही 1940 च्या दशकात हॉलिवूडमध्ये निर्माता व्हॅल ल्यूटनच्या हाताखाली स्वस्तातले भयपट करत तयार झालेले. पैकी जॅक तूर्नरचा ‘नाइट ऑफ द डीमन’ 1957 चा. त्यातला मांत्रिक कार्सवेल हे एक अजब पात्र आहे: गोलमटोल, मृदुभाषी, आईचा लाडका, विदूषकाचा चेहरा रंगवून गावातल्या पोरांना जादूचे खेळ करून दाखवणारा. बोलता बोलता तो त्याच रंगवलेल्या चेहऱ्याने वादळ आणून दाखवतो. त्याचं हत्यार म्हणजे कागदाची एक पट्टी, ज्याच्या हाती गुपचूप सरकवली तो ठरल्या दिवशी मरणार. कागद परत सरकवला तरच सुटका. म्हणजे शेवटची झटापट कशासाठी, तर धावत्या गाडीच्या डब्यात दोन सभ्य गृहस्थ एकमेकांच्या खिशात कागद टाकू पाहतायत! यापेक्षा ब्रिटिश पाठलाग माझ्या पाहण्यात नाही.

या चित्रपटावरून एक वाद आजही चालू आहे. निर्मात्याने सुरुवातीलाच राक्षस ठसठशीत दाखवून टाकला, तूर्नरला तो नको होता. रसिकांचा कल तूर्नरकडे. मीही त्याच बाजूचा, पण अर्धाच. लांबून धुरातून चालत येणारी आकृती उत्तम आहे. जवळून दिसणारा चेहरा तेवढा कापायला हवा होता.

दुसरा विद्यार्थी रॉबर्ट वाइज. त्याचा ‘द हाँटिंग’ 1963 चा, पैसा अमेरिकी, चित्रीकरण इंग्लंडमध्ये. वॉरिकशायरमधल्या एटिंग्टनच्या वाड्यावर. त्यात भूत म्हणून काहीही दिसत नाही. ठोके ऐकू येतात, आणि लाकडी दार फुगतं. भिंती किंचित वाकल्यासारख्या वाटतात त्याचं कारण पॅनाव्हिजन या कंपनीची एक अर्धवट तयार, प्रतिमा वाकवणारी भिंग. कंपनी द्यायला तयार नव्हती, वाइजने दोष माहीत असल्याचं लिहून देऊन ती मिळवली. अंधारात मैत्रिणीचा हात घट्ट धरून पडलेल्या बाईचा प्रसंग मी इथे सांगणार नाही. हेडफोन लावून बघा.

‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’ (1960) हा जॉन विंडमच्या कादंबरीवरचा, जेमतेम सव्वा तासाचा चित्रपट. पहिली काही मिनिटं शिकवणीसारखी आहेत. एका खेड्यातली सगळी माणसं, गुरं, एकाच क्षणी जागच्या जागी कोसळतात. संवाद नाही. चालकाशिवाय गोल फिरणारा ट्रॅक्टर, वाहतच राहिलेला नळ, कपड्यावर तशीच राहिलेली इस्त्री आणि वर येणारा धूर. मग सैनिक येतात आणि एकाला कमरेला दोर बांधून हद्दीपलीकडे सोडून बघतात. तो पडतो, त्याला ओढून काढतात. काही महिन्यांनी गावातल्या बायका गरोदर, आणि जन्माला येतात सोनेरी केसांची, अतिहुशार, एकमेकांच्या मनातलं ओळखणारी मुलं. यातला मुख्य पोरगा मार्टिन स्टीव्हन्स. ‘द इनोसंट्स’मधला मुलगा माइल्सही तोच. एवढ्या लहान वयात इतक्या थंडपणे ‘गुड मॉर्निंग’ म्हणणारा दुसरा नट दाखवा. डोळे चमकतात ती करामत नंतर फिल्मवर केलेली आहे, पण खरी धास्ती मुलांच्या शिस्तीची वाटते. ओळीत उभी, नीटनेटकी, आज्ञाधारक. हिटलरशी लढलेल्या पिढीला सोनेरी केसांच्या शिस्तबद्ध पोरांचं काय वाटलं असेल ते सांगायला नको.

‘द डे द अर्थ कॉट फायर’ (1961) पुन्हा व्हॅल गेस्टचा. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या एकाच वेळी झालेल्या अणुचाचण्यांमुळे पृथ्वीचा आस अकरा अंशांनी कलतो आणि उकाडा वाढतच जातो. गोष्ट घडते वर्तमानपत्राच्या कचेरीत, आणि कचेरी आहे खरीखुरी ‘डेली एक्सप्रेस’ची. संपादकाचं काम केलंय त्याच पत्राचे माजी संपादक आर्थर ख्रिस्तियन्सेन यांनी. अभिनय यथातथाच, पण फोन उचलण्याची पद्धत अस्सल. पाणी रेशनवर मिळू लागतं तेव्हा रांगेत उभे असलेले लोक रेशनची सवय नुकतीच मोडलेले लोक आहेत. चित्रपट कृष्णधवलच, फक्त सुरुवात आणि शेवट नारिंगी रंगात बुडवलेले. छापखान्यात पहिल्या पानाचे दोन मथळे तयार ठेवलेले दिसतात, जग वाचलं आणि जग बुडालं. कोणता छापला गेला ते चित्रपट सांगत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर सोव्हिएत संघाने आजवरचा सर्वांत मोठा अणुस्फोट घडवला होता.

या सगळ्यांच्या आधीचा, ईलिंग स्टुडिओचा 1945 चा ‘डेड ऑफ नाइट’ मुद्दाम शेवटी घेतला, कारण त्याचा धागा थेट पुण्यापर्यंत येतो. एक वास्तुरचनाकार खेड्यातल्या घरी जातो आणि म्हणतो, ही सगळी माणसं मी स्वप्नात पाहिली आहेत. मग जमलेले पाहुणे एकेक विलक्षण अनुभव सांगतात. आरशात दुसरीच खोली दिसू लागते ती गोष्ट, आणि मायकेल रेडग्रेव्हने केलेल्या शब्दभ्रमकाराची व त्याच्या बाहुल्याची गोष्ट, या दोन अव्वल. गोल्फची गोष्ट विनोदी आहे म्हणतात. तेवढ्यात चहा टाकून घ्यावा. शेवट जिथे सुरुवात होती तिथेच येऊन मिळतो, चित्रपट गोल फिरत राहतो.

फ्रेड हॉयल, थॉमस गोल्ड आणि हर्मन बाँडी या केंब्रिजच्या तिघा शास्त्रज्ञांनी हा चित्रपट पाहिला. त्यावर बोलताना गोल्डच्या मनात आलं: विश्वही असंच असलं तर? सतत बदलणारं, तरी एकूण तसंच, सुरुवात आणि शेवट नसलेलं. यातून 1948 मध्ये स्थिर-स्थिती विश्वाचा सिद्धान्त मांडला गेला. याच हॉयलकडे 1960 साली संशोधनाला आले कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. विश्व महास्फोटातून सुरू झालं याच्या बाजूने पुरावे वाढत गेले तरी त्या सिद्धान्ताची सुधारित मांडणी ते हॉयलबरोबर करत राहिले. पुण्यात आयुका ही खगोलसंशोधन संस्था उभारली, आणि मराठीत विज्ञानकथाही लिहिल्या. हॉयलनेही बीबीसीसाठी 1961 मध्ये ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही विज्ञानमालिका सहलेखकाबरोबर लिहिली होती. तिचाही बहुतेक भाग आता नाहीसा झालाय. तेव्हा टेप पुसून पुन्हा वापरायची सर्रास पद्धत होती.

बघायचं कसं? खोलीतले दिवे बंद, हे पहिलं. राखाडीच्या छटा उजेडात दिसतच नाहीत, आणि निम्मी गोष्ट त्या छटांत असते. टीव्हीचं चित्र ‘व्हिविड’वर असेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर आणा, हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा. रंग भरलेली आवृत्ती दिसली तर सोडून द्या. इंग्रजी सबटायटल्स लावायला लाजू नका, खेड्यातल्या पोलिसाचे उच्चार लंडनकरालाही जड जात असतील. ‘नाइट ऑफ द डीमन’ची लांब, साधारण दीड तासाहून थोडी अधिकची ब्रिटिश आवृत्ती निवडा, अमेरिकेत ‘कर्स ऑफ द डीमन’ नावाने कापून लावली होती.

खुपणाऱ्या गोष्टी आहेतच. बायकांना बहुतेक वेळा चहा आणणं किंवा बेशुद्ध पडणं एवढंच काम. ‘द इनोसंट्स’ आणि ‘द हाँटिंग’ म्हणूनच वेगळे उठून दिसतात. हिमालयात घडणाऱ्या 1957 च्या ‘द ॲबॉमिनेबल स्नोमन’मध्ये बर्फाचे कडे युरोपातल्या पिरेनीज पर्वताचे आहेत आणि लामा हा गोऱ्या साहेबाच्या कल्पनेतला. पीटर कुशिंगसाठी आणि हिममानवाच्या डोळ्यांसाठी मात्र तो बघावा.

सुरुवात ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’ने करा, लहान आहे आणि लगेच पकडतो. मग कॅरून, मग कार्सवेल. ‘द इनोसंट्स’ आणि ‘द हाँटिंग’ एकाच रात्री लागोपाठ बघू नका, दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. आणि चार मित्र जमले असतील तर 1954 चा ‘डेव्हिल गर्ल फ्रॉम मार्स’ लावा. मंगळावरून काळ्या चमचमत्या पोशाखातली बाई पृथ्वीवरचे पुरुष न्यायला येते, बरोबर फ्रिजसारखा दिसणारा यंत्रमानव, आणि उतरते कुठे, तर स्कॉटलंडमधल्या एका आडबाजूच्या खानावळीत. तिथली मंडळी आधी चहाचं विचारतात, घाबरायचं नंतर बघू म्हणतात.